इंजिनिअरिंग आणि संगीत सोबत शिकायचं असेल तर आधी काय ठरवायचं

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: दहा वर्षं व्हायोलिन शिकते आहेस, शाळेचं शेवटचं वर्ष आहे, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगला जायचं जवळपास ठरलं आहे. आता संगीताची दुसरी पदवी सोबत करावी, की काही विषय मायनर म्हणून (मुख्य पदवीसोबतचा छोटा, दुय्यम अभ्यासक्रम) घ्यावेत, की वाद्य छंद म्हणून चालू ठेवावं, हे कळत नाही. घरचे म्हणतात, आधी इंजिनिअरिंग पुरं कर, व्हायोलिन कुठे पळून जातंय?

मी सभागृहं आणि स्टुडिओ यांच्या ध्वनिरचनेचं काम करते. कॉलेजात इंजिनिअरिंग आणि व्हायोलिन दोन्ही शिकले आणि गेली बरीच वर्षं या दुहेरी वाटेवरच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते आहे. त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. जरा लांबेल, पण तुझा प्रश्न दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नाही.

तू मांडलेले तिन्ही पर्याय प्रमाणपत्राबद्दलचे आहेत: दोन पदव्या, दीड पदवी की एकच. ते ठरवण्याआधी मी विद्यार्थ्यांना एक वेगळी गोष्ट विचारते. संगीतातलं असं काय आहे जे फक्त कॉलेजच्या या वर्षांत मिळेल, आणि काय आहे जे पुढे कधीही मिळवता येईल? संगीताचा इतिहास पुढे वाचता येतो. संगीतशास्त्र, स्वरलेखन, रचना, रेकॉर्डिंगचं तंत्र हे नोकरी करतानाही शिकता येतं, आणि लोक शिकतात. पण तीन गोष्टी नंतर फार महाग होतात. दर आठवड्याला तुझं वाजवणं ऐकून नेमकी चूक दाखवणारा गुरू. तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा बरे वाजवणारे समवयस्क, ज्यांच्यासोबत आठवड्यातून अनेकदा वाजवायला मिळतं. आणि रोजचा सलग वेळ. नोकरी लागली की या तीनही गोष्टी एकदमच हातातून निसटतात. म्हणून जी व्यवस्था या तिघांना जपते ती तुझ्यासाठी योग्य. तिच्या शेवटी पदवी मिळते की नाही, हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते.

घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धं. कमावलेलं टिकवायला थोडा रियाज पुरतो. पंचविशीत ज्याचा हात पक्का झाला आहे, त्याने दिवसाला अर्धा तास दिला तरी तो बराच काळ तग धरतो. तू मात्र अजून कमावते आहेस. या टप्प्यावर चार वर्षं वाद्य बाजूला ठेवलं तर तू परत वाजवू शकशील, यात शंका नाही. पण ज्या मंडळींसोबत आज बसतेस ती तोवर पुढे गेलेली असतील, आणि तुझ्याकडे त्यांना गाठण्याइतका वेळ नसेल. हे घरी शांतपणे सांगून बघ. बहुतेक पालकांचा विरोध संगीताला नसतो. इंजिनिअरिंग अर्धवट राहील ही त्यांची खरी भीती असते आणि ती बिनबुडाची नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुला पुढे वादक म्हणून उभं राहायचं आहे, की उत्तम वाजवणारी इंजिनिअर व्हायचं आहे, यावर सगळं बदलतं. तुझ्या विद्यापीठात संगीत विभाग आहे का, असला तर तो बाहेरच्या विभागातल्या विद्यार्थ्यांना गुरू देतो का, यावरही बदलतं. एक जादा वर्ष फी आणि खर्च पेलण्याची घरची तयारी आहे का, हे तुलाच माहीत. शिवाय दोन्ही क्षेत्रांत पदवीचं वजन सारखं नाही. वादकाची निवड होते ती वाजवून. ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीत किंवा मैफलीत तुझं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. शाळा-कॉलेजात संगीत शिकवायचं असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी पदवी लागते. इंजिनिअरिंगमध्ये उलट आहे. तिथे पदवीशिवाय पहिलं दार उघडणंच अवघड. म्हणूनच दोन्हीपैकी एकच पदवी पदरात पडणार असेल तर ती इंजिनिअरिंगची असणं सोयीचं ठरतं. याचा अर्थ संगीत कमी महत्त्वाचं आहे असा मुळीच नाही.

वेळेचा हिशेब मात्र सगळ्यांना सारखाच लागू होतो, म्हणून तो नीट मांडते. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. झोपेत काटछाट करायची नाही; दिवसा जे बोटांना शिकवलं ते झोपेत पक्कं होतं. उरले ११२. इंजिनिअरिंगचे तास, प्रॅक्टिकल, गृहपाठ, सबमिशन मिळून ४८ धर. युरोपात पूर्णवेळ अभ्यासक्रमाचं वर्ष ६० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलेलं असतं, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. तेव्हा ४८ हा आकडा सत्राच्या भरात अजिबात फुगवलेला नाही. जेवण, अंघोळ, जाणं-येणं, घरचं काम यांना २५. उरले ३९. आता वादनाच्या पदवीचं बघ: रोज तीन तास रियाज म्हणजे २१, सामूहिक वादनाच्या तालमी ६, गुरूचा तास १, शास्त्र, इतिहास, श्रवणकौशल्य आणि त्यांचा अभ्यास मिळून ९. झाले ३७.

म्हणजे कागदावर बसतं. दोन तास उरतातही. पण त्या दोन तासांत आजारपण, मैत्रिणी, नुसतं बसून राहणं आणि परीक्षेच्या आधीचा आठवडा हे सगळं बसवायचं आहे. म्हणून जिथे दोन पदव्यांची रीतसर सोय आहे तिथे ती सहसा पाच वर्षांची असते. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात संगीत आणि इंजिनिअरिंगची अशी पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि त्याचंच पीबडी संगीत विद्यालय, किंवा रॉचेस्टर विद्यापीठ आणि त्याचं ईस्टमन संगीत विद्यालय यांच्यातही दुहेरी पदवीची वाट आहे. या ठिकाणी दोन्हीकडे स्वतंत्र प्रवेश मिळवावा लागतो, म्हणजे एकीकडे गुण आणि दुसरीकडे वादनाची निवडचाचणी. पाचव्या वर्षामुळे कामाचा डोंगर लहान होत नाही, पण तो चढायला श्वास घेण्याइतकी जागा मिळते. दोन पदव्या चार वर्षांत बसवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेकांनी रियाजाचे तास खाऊन ते साधलं, आणि मग वादनाची पदवी कशासाठी, असा प्रश्न उरतो.

दुसरा प्रकार म्हणजे मुळातच मिश्र असलेला अभ्यासक्रम. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचा टोनमाइस्टर अभ्यासक्रम १९७० मध्ये सुरू झाला. संगीत, ध्वनिशास्त्र, विद्युतशास्त्र आणि रेकॉर्डिंग एकाच पदवीत शिकवतात आणि मध्ये एक वर्ष उद्योगात प्रत्यक्ष काम करायला पाठवतात. ध्वनिमुद्रण किंवा ऑडिओ हेच तुझं ध्येय असेल तर दोन पदव्यांपेक्षा हे सरळ. पण एक सावधगिरी: अशा पदवीतून रीतसर इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरची सगळी दारं उघडतीलच असं नाही. आणि वादक म्हणून लागणारा वेळही दुहेरी पदवीइतका मिळत नाही.

तिसरा प्रकार इंजिनिअरिंग पूर्णवेळ आणि संगीत मायनर. यात माणसं एक गल्लत करतात. मायनर म्हणजे बहुधा सहा-सात विषय, आणि सोपं जावं म्हणून विद्यार्थी लेखी विषय गोळा करतात: इतिहास, रसग्रहण, एखादी तोंडओळख. कागदावर मायनर होतं, पण व्हायोलिन तिथेच राहतं. मायनर घेतलंस तर त्यात गुरूचा वैयक्तिक तास आणि सामूहिक वादन या दोन गोष्टी आहेत का ते आधी बघ. नसतील तर मी मायनरवर वेळ घालवणार नाही. त्यापेक्षा बाहेर चांगला गुरू आणि विद्यापीठाचा वाद्यवृंद ही जोडी जास्त देते, मग तिला नाव नसलं तरी चालेल.

शेवटचा प्रकार फारसं कोणी सुचवत नाही, पण तो मला फार प्रिय आहे. इंजिनिअरिंगची पदवी घेताना रियाज आणि गुरू अजिबात न सोडता चालू ठेवायचं, आणि संगीताचं औपचारिक शिक्षण नंतर घ्यायचं. काही संस्था संगीतातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी संगीताचीच पदवी मागतात, काही निवडचाचणीवर घेतात. हा नियम तुला ज्या संस्था आवडतात त्यांचा आजच वाचून ठेव, म्हणजे चौथ्या वर्षी धावपळ होणार नाही.

कोणताही प्रकार निवडलास तरी प्रत्यक्ष अडचण एकाच ठिकाणी येते: वेळापत्रकात. दोन्ही अभ्यासक्रम पायरीपायरीने चढायचे असतात. इंजिनिअरिंगमध्ये आधीचं गणित झाल्याशिवाय सिग्नल्सचा विषय घेता येत नाही. संगीतातही शास्त्राचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा नाही, आणि तो वर्षातून एकदाच शिकवला जाऊ शकतो. एका सत्रात दोघांची टक्कर झाली तर कधी पूर्ण वर्ष मागे पडतं. त्यातून प्रॅक्टिकल आणि ऑर्केस्ट्राची तालीम ही हमखास भांडणारी जोडी. दोन्ही दुपारी किंवा संध्याकाळी, दोन्ही सलग दोन-तीन तास, आणि दोन्हीकडे गैरहजेरी चालत नाही. शिवाय सामूहिक वादनाला मिळणारे क्रेडिट त्याला लागणाऱ्या तासांच्या मानाने फार थोडे असतात. त्यामुळे नुसते क्रेडिट मोजून वेळापत्रक आखणारा विद्यार्थी हमखास फसतो. तू तास मोज.

प्रवेश घेण्याआधी दोन्ही विभागांकडून मागच्या दोन सत्रांची खरी वेळापत्रकं माग. माहितीपुस्तिकेतली नको, भिंतीवर लागलेली. ती एकावर एक ठेवून पहिल्या दोन वर्षांचे सक्तीचे विषय कुठे आदळतात ते पेन्सिलने खुणा करून बघ. मग ही वाट प्रत्यक्ष चालणारा तिसऱ्या-चौथ्या वर्षातला एखादा विद्यार्थी शोध आणि त्याला एवढंच विचार, की गेल्या महिन्यात एकंदर किती दिवस तू वाद्य हातात घेतलंस. विभागप्रमुखांच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा हे उत्तर जास्त सांगून जातं.

आता रियाजाबद्दल, कारण खरी लढाई तिथे आहे आणि तिथे बरंच काही आपल्या हातात असतं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा रियाज संध्याकाळी ठेवला की तो मोडतोच. एखादं सबमिशन लांबतं, गटाच्या प्रोजेक्टची बैठक लागते, सर्किट चालत नाही म्हणून रात्र प्रयोगशाळेत जाते. या सगळ्या गोष्टी दिवसाच्या शेवटी येतात. म्हणून पहिला तास सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आधी, आणि त्यात सर्वांत कंटाळवाणं काम: सूर लावून ठेवणं, गजाचे सरळ लांब स्वर, स्वरस्थानं, पोझिशन बदलणं. दमलेल्या मेंदूने हे काम केलं तर चुकाच पक्क्या होतात. आवडीची रचना रात्री दमल्यावरही वाजवता येते, ती ओढून घेते. उरलेला रियाज पंचवीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत चालतो, पण प्रत्येक तुकड्याला एकच हेतू हवा. ‘आज दुसरं पान’ हा हेतू पुरत नाही. ‘दुसऱ्या पानावरच्या त्या उडीत तर्जनी उशिरा पडते, ती का’ हा हेतू. खरं सांगायचं तर इंजिनिअरिंग इथे मदत करतं. दोष कुठे आहे ते शोधायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजून बघायचं, ही सवय वर्कबेंचवर लागते आणि ती वाद्यावर जशीच्या तशी वापरता येते.

परीक्षेच्या काळात रियाज शून्यावर आणू नकोस. वीस मिनिटं ठेव, फक्त स्वर आणि गज. शून्य झालं की परत सुरू करण्याचा दिवस पुढे ढकलला जातो, आणि वाद्याकडे बघितलं की अपराधी वाटायला लागतं. ती भावना दोन आठवड्यांच्या खंडापेक्षा जास्त नुकसान करते. आणि सत्राच्या पहिल्याच आठवड्यात गुरूंना परीक्षांच्या तारखा लिहून दे. चांगले गुरू त्यानुसार रचना निवडतात. त्यांना न सांगता अर्धवट तयारीने तासाला जाणं हा दोघांचाही अपमान आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि स्वतंत्र वादनाचा कार्यक्रम एकाच सत्रात येऊ देऊ नकोस. तेवढं एक जरी वेळेवर टाळलंस तरी शेवटचं वर्ष निभावतं.

शरीराचंही सांगायला हवं. दिवसभर कीबोर्ड आणि मग व्हायोलिन, म्हणजे मनगट आणि बोटांच्या त्याच स्नायूंवर दुहेरी भार. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर वाजवणं आणि टायपिंग दोन्ही कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. सहन करून वाजवणं हे शौर्य नाही. कानांचंही तसंच. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस दिवसाला आठ तासांसाठी ८५ डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ अर्धा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. व्हायोलिन तुझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर वाजतं, आणि त्याच दिवशी तू वर्कशॉपमध्ये यंत्रांजवळ उभी असशील. कानाला दोन्ही मिळून एकच हिशेब लागतो. वर्कशॉपमध्ये कानात प्लग घाल, कोणी घालत नसलं तरी.

ही दोन क्षेत्रं एकमेकांना खरंच काही देतात का, असंही तू विचारलं आहेस. देतात. जॉन चाउनिंग हा मुळात संगीतकार. स्टॅनफर्डमध्ये असताना त्याने मॅक्स मॅथ्यूज यांचा संगणकावर संगीत निर्माण करण्यावरचा लेख वाचला आणि प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. १९६७ मध्ये तो संगणकावर स्वराला कंप देऊन बघत होता, तुझं बोट तारेवर जसा देतं तसाच. त्याने कंपाचा वेग आणि व्याप्ती हाताला कधीच शक्य नाही इतकी वाढवली, आणि एका टप्प्यावर कंप ऐकू येईनासा होऊन स्वराची जातच बदलली. इंजिनिअर फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या सतत बदलत ठेवणं, रेडिओसाठी कधीपासून वापरत होते. तोच प्रकार ऐकू येणाऱ्या स्वरांत केला तर वाद्यांसारखे समृद्ध ध्वनी मिळतात, हे तयार कानाने हेरलं. पुढे त्याच तंत्रावर यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर १९८३ मध्ये बाजारात आला. यानिस झेनाकिस उलट दिशेने आला. अथेन्समध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग शिकला, पॅरिसमध्ये वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम करत होता, आणि त्याच काळात संगीतरचना करत होता. संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी त्याला सगळा पारंपरिक अभ्यास नव्याने गिरवायला लावला नाही. गणित आणि स्थापत्य येतं आहे, तेच संगीतात वापर, असा सल्ला दिला. १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स पॅव्हिलियनचे वक्र पृष्ठभाग आणि त्याआधीच्या त्याच्या ऑर्केस्ट्रा-रचनेतले सरकते स्वर यांच्यामागे एकच भूमिती आहे: सरळ रेषांनी विणलेला वक्र.

या दोघांकडे बघितल्यावर मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघांपैकी कोणाकडेही दोन्ही विषयांच्या पदव्या नव्हत्या. दोघांनी एक विषय रीतसर शिकला आणि दुसऱ्यात स्वतःला झोकून दिलं. तुझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासात फूरिये विश्लेषण येईल, म्हणजे एखादी लहर तिच्यातल्या साध्या कंपनांत फोडून बघण्याची पद्धत. तेव्हा तुझ्याच व्हायोलिनचा एक स्वर रेकॉर्ड करून त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, बघ; गज पुलाजवळ (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) नेला की वरचे उपस्वर कसे बळावतात ते डोळ्यांना दिसेल. कानाला ते आधीपासून माहीत असतं. मात्र असल्या प्रयोगांचा वेळ रियाजात धरू नकोस. हुशार मुलं हीच पळवाट काढतात: वाद्याबद्दल खूप शिकतात आणि वाद्य वाजवत नाहीत.

तुझ्या लिहिण्यावरून मला जे दिसतं त्यावर माझा कल सांगते. तुला ऑर्केस्ट्रात वाजवायला आवडतं, एकल कार्यक्रमाचा तू उल्लेखही केला नाहीस, आणि इलेक्ट्रॉनिक्सबद्दल लिहिताना तू खुलली आहेस. या स्थितीत मी पहिल्या वर्षी दोन पदव्यांना नाव नोंदवणार नाही. इंजिनिअरिंगला प्रवेश, पहिल्याच सत्रात वाद्यवृंदाची निवडचाचणी, आणि विद्यापीठातला किंवा बाहेरचा गुरू. त्याचबरोबर संगीतशास्त्राचा पहिला विषय ऐच्छिक म्हणून घे, कारण पुढे दुहेरी पदवीकडे वळावंसं वाटलं तर वर्ष वाया जाणार नाही. बहुतेक वेळा हीच एक पायरी अडते. वर्षाच्या शेवटी दोन गोष्टी बघ: तुझा रोजचा रियाज सरासरी दीड तासाच्या वर टिकला का, आणि इंजिनिअरिंगचे विषय न रखडता सुटले का. दोन्हीची उत्तरं हो आली आणि तरी संगीत कमी पडतंय असं वाटलं, तर दुसऱ्या वर्षी दुहेरी पदवीसाठी अर्ज कर. तुझ्या विद्यापीठात पहिल्या वर्षानंतर असा प्रवेश देत नसतील तर मात्र ही सगळी मांडणी बदलते, आणि निवडचाचणीची तयारी आत्तापासूनच करावी लागेल. म्हणून या आठवड्यात संगीत विभागाला पत्र लिहून हा एक नियम आधी विचारून घे. त्यांचं उत्तर आलं की मला कळव, मग पहिल्या सत्राचे विषय आपण एकत्र बघू.